उजवी पाकळी

दहा वाजता पेज तयार असायची.
उकड्या तांदळाची, सोबत खारातली तोर,
आणि पातेलं घरच्यांना पुरेल त्याहून
नेहमी एका माणसाचं मोठं.
तो माणूस कोण, हे चुलीवर पाणी ठेवताना ठरलेलं नसे.
कधी नारळ उतरवून घामाघूम झालेला पाडेली,
कधी वीजबिल वाटणारा मुलगा.
एकदा पावलूची म्हातारी, सुनेशी भांडून आलेली,
तीन दिवस आमच्या बलकांवावर बसून होती.
आजीनं तिला भांडणाचं काही विचारलं नाही.
विचारलं ते एवढंच:
मीठ पुरे?

वाड्यावर सगळे तिला जैवंतमाय म्हणत.
दर सोमवारी, मयेच्या तळ्यावर धुकं असतानाच,
ती सातेरीचं अंगण झाडून यायची.
समया आधी चिंचेनं घासायची, मग राखेनं,
मग स्वतःच्या पदरानं,
आणि पदर कुठल्याच नियमात नव्हता.
वाती मांडीवर वळायची.
वळून वळून तिथली कातडी गुळगुळीत झालेली;
लहानपणी झोप येईस्तोवर
मी बोटानं ती जागा शोधायची.
देवळाकडून काय मिळतं, कुणी विचारलं
तर हसायची.
‘रीण फेडटां गो.’
आम्हाला वाटायचं, मागल्या जन्माचं असेल.

मी बारावी झाले त्या वर्षी
बेळगावहून नर्सिंगचं पत्र आलं.
बाबा म्हणाले, रात्रपाळ्या असतात.
आजोबा म्हणाले, देवीला विचारू.
आणि विचारायला गेली आजी, एकटी,
नारळ, विडा, आणि पिटकोळीच्या कळ्या
ओल्या फडक्यात बांधून.
परत आली तेव्हा गुडघे धरून पायरीवर बसली,
पाणी प्यायली,
मग म्हणाली, ‘उजवी दिली.’
आजोबांनी माळ्यावरची ट्रंक काढली.

त्याला सव्वीस वर्षं झाली.
बांबोळीच्या वॉर्डात किती अनोळखी माना
मी तळहातावर उचलून पाणी पाजलं,
मोजलं नाही.
सुट्टीवर गेले की आजी आजारांची नावं विचारायची नाही.
‘जेवतात मगो सगळे?’
काहीजण जेवत नाहीत, हे मी तिला सांगत नसे.

तेरावं झाल्यावर, चार दिवसांनी,
दहाच्या सुमाराला आत्मा गुरव आला.
नव्वदीला टेकलेला, काठी दारात ठेवून बसला.
मी पेज वाढली.
अर्धी वाटी संपवून म्हणाला,
‘त्या दिवशी पाकळी डावी पडली होती, बाय.’

मी तोर पुढे केली. दुसरं काही सुचेना.

‘बराच वेळ बघत राहिली.
मग ती पडलेली कळी उचलून अंबाड्यात खोवली
आणि देवीला म्हणाली,
तू देवी आसा, हांव आजी.
तुजें उतर हांवें मोडलें.
वसूल म्हजेकडेन कर, चेडवाकडेन नाका.
पुढल्या सोमवारी झाडू घेऊन हजर.’

थोडा वेळ नुसतीच पेज भुरकली त्यानं.
‘मी कुणाला बोललो नाही.
देवी तरी कुठे बोलली?’

रजेचे दोन दिवस उरले होते.
सोमवारी गेले.
देवीच्या अंगावर सकाळच्या कळ्या,
डावीकडच्या, उजवीकडच्या,
पाणी सुकत चाललेलं, एखादी सुटायला आलेली.
मी नजर खाली घेतली.
विचारायचं होतं ते सव्वीस वर्षांपूर्वीच
कुणीतरी विचारून, ऐकून,
पुसून टाकलेलं.

गाभाऱ्याबाहेर आत्माचा नातू मोबाईल बघत बसलेला.
त्याला म्हटलं, झाडू कुठे ठेवता?
तो म्हणाला, आता ब्लोअर आणलाय, ताई.
मग माझ्याकडे नीट बघून,
‘पण बघा.
दीपमाळेच्या मागे असेल एखादा.’